फरमानकाका

माणसाच्या घरात शिरल्यावर आधी माणसाची विचारपूस करायची की राऊटरची, याबद्दल फरमानकाकांच्या मनात कधीच गोंधळ नव्हता. चपला दाराशी काढायच्या, हिरवे दिवे कुठे लुकलुकताहेत ते शोधायचं, राऊटर खाली घेऊन सरळ पालथा घालायचा आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायची. मॉडेल कुठलं, त्यातलं व्हर्जन कुठलं, हे कळलं की मग यजमानांकडे वळून, "हं, बरं चाललंय ना?" तोवर चहा निवलेला असायचा. काका तो तसाच प्यायचे.

विरारजवळच्या गिरीज गावात त्यांचं खरं नाव लाइटच्या बिलापुरतंच उरलं होतं. राऊटरच्या पोटात एक प्रोग्रॅम असतो, यंत्रानं कसं वागायचं ते तो ठरवतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. टेलिफोनच्या खात्यात उभी हयात गेल्यामुळे काका हा शब्द अगदी स्वच्छ उच्चारायचे. शेजारपाजारच्या वाड्यांनी तो ऐकला मात्र 'फरमान' असा. "काका, आमच्या डब्याचं फरमान बदलून द्या ना," असं लोक म्हणू लागले आणि बघता बघता माणसालाच ते नाव चिकटलं. सुरुवातीला काकांनी चूक सुधारून पाहिली. मग नाद सोडला, आणि पुढे तर त्यांना ते आवडायलाच लागलं. "तसं चूक नाही हो ते. आतून हुकूमच सुटतो की," असं ते म्हणायचे. कंपनीनं राऊटरबरोबर दिलेलं असतं ते कंपनीचं फरमान. जगभरातल्या हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटलेलं आणि आपण आपल्या हातानं चढवलेलं ते आपलं फरमान. काकांच्या जगात एवढे दोनच पक्ष होते.

काका आता नाहीत. होते तोवर त्यांच्याविषयी काही लिहावं असं मला कधी सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

मी मूळची कराडची. विरारला फुलपाड्यात भावाच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि परदेशातल्या मराठी मुलांना व्हिडिओवर मराठी शिकवायचे. भावाला जुळी झाली. त्यानंतर माझे विभक्तीचे तास कुकरच्या शिट्ट्या आणि दोन रडक्यांच्या मध्ये चालू लागले. भावानं कधी तोंडानं जा म्हटलं नाही, पण माझी पुस्तकं एकेक करून पलंगाखाली जायला लागली, तेव्हा मी समजले. कोणीतरी गिरीजच्या वाडीतली एक वरची खोली सुचवली. खाली घरमालक एकटेच, केळीची आणि नारळाची वाडी, शांतता म्हणाल तर कानाला टोचेल इतकी.

खोली बघायला गेले तेव्हा मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. चाळिशीला टेकलेल्या एकट्या बाईला खोली देताना लोक जे जे विचारतात, त्या सगळ्याची. काकांनी एकच प्रश्न विचारला. "नेट किती लागतं?" मी म्हटलं, रोज पाच तास, व्हिडिओवर. ते खूश झाले. "मग बाई, तुम्ही वरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला बसा. सिग्नल तिथं चांगला पोचतो." झालं, ठरलं. त्या दिवसापासून मी त्यांची बाई, म्हणजे शाळेतल्या असतात तशी बाई, आणि ते माझे काका. आम्ही दोन एकटी माणसं एका छपराखाली राहत होतो आणि आमच्या मध्ये एक जिना होता. दोन वर्षांत एक दिवस सोडला तर तो जिना काका कधी चढले नाहीत. काही द्यायचं असलं तर खालच्या पायरीवर ठेवून हाक मारायचे.

माझ्याशी ते अगदी छापील मराठी बोलायचे. त्यांच्या लोकांची घरची बोली वेगळी. ती मी त्यांच्या तोंडून फारशी ऐकलीच नाही. चष्मा सापडेना की स्वतःशीच "कटे गेला?" एवढं पुटपुटायचे, तेवढीच. मी मराठीची मास्तरीण, मला उत्सुकता. एकदा म्हटलं, काका, माझ्याशी तुमच्या बोलीत बोला ना, मी शिकेन. ते हसले आणि म्हणाले, "ती बोली दोघांची लागते, बाई. एकानं बोलून एकानं लिहून घेतली की ती मरते." काकू जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. त्यांचा उल्लेख काका 'ती' असा करत. 'ती असताना', 'तिच्या वेळी'. नाव कधी तोंडातून निघालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

कामाच्या बाबतीत मात्र ते भारी कडक. फरमान बदलून मागायला आलेल्याला ते तीन प्रश्न विचारत. एक, पाठीवरची चिठ्ठी शाबूत आहे का? दोन, घरात इन्व्हर्टर आहे का? कारण फरमान चढत असताना मध्येच वीज गेली, तर राऊटर कायमचा मरतो. त्या मेलेल्या राऊटरला ते 'वीट' म्हणायचे. सुरुवातीच्या हौसेत त्यांनी स्वतःच तीन विटा पाडल्या होत्या. त्या कपाटाच्या लंगड्या पायाखाली सारून ठेवल्या होत्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. "या कामाचा वीट येऊ नये म्हणून समोर ठेवल्यात," असला विनोद करून स्वतःच आधी हसायचे. मला तो विनोद किमान वीस वेळा ऐकावा लागला.

तिसरा प्रश्न असायचा, "घरात एकटं कोण आहे?" हा प्रश्न लोकांना कळायचा नाही. मलाही कळला नव्हता. मग एकदा कळंबला एका म्हातारीकडे त्यांच्याबरोबर जायचा योग आला. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला, घरात ती एकटी. मुलाचा फोन लागावा म्हणून नेट घेतलेलं आणि ते आठवड्याआड बंद पडायचं. "पानी पन नाय येत नि नेट पन नाय येत, मी करू तरी काय?" असं म्हणत तिनं राऊटर काकांच्या मांडीवर ठेवला. काकांनी तो पालथा घातला, चिठ्ठी वाचली, मग विचारलं, "बंद पडला की काय करता?"

"कंपनीचा मानूस येतो ना. फोन केला की येतो."

"बसतो का जरा?"

"बसतो की. चाय पितो. पोराचा फोटो दाखवला त्याला मी."

काकांनी राऊटर जागेवर लावला आणि म्हणाले, "आजी, याला काही झालेलं नाही. कंपनीचंच राहू द्या." परत येताना मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दहा मिनिटांत नीट झालं असतं, मग का नाही केलं? काका रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाले, "आपलं फरमान घातलं तर बंद पडणार नाही, बाई. बंद पडलं नाही तर तिच्याकडे येणार कोण?"

आणि असा हा आपल्या फरमानाचा प्रचारक, त्याच्या स्वतःच्या घरातला राऊटर मात्र कंपनीच्या फरमानावर चालत होता. तोही जुनाट. कंपनीनं त्या मॉडेलसाठी काही नवं काढणं केव्हाच बंद केलेलं. मी पहिल्याच महिन्यात हे हुडकून काढलं आणि चिडवायची एक संधी सोडली नाही. लोकांना ज्ञान सांगता आणि घरात हे? काका विषय बदलायचे. एका दुपारी माझ्या लॅपटॉपला जोडणी मिळेना म्हणून त्यांनी राऊटरचं पान उघडलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. घरात कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, त्यांची त्या पानावर यादी होती. प्रत्येक नावापुढे एक ठिपका. जोडलेलं असेल तर हिरवा, नसेल तर करडा. इंग्रजी अक्षरांत दोन नावं होती. पहिलं एच-ई, पुढे हिरवा ठिपका. दुसरं एम-आय, पुढे करडा.

मी म्हटलं, "हा दुसरा एम-आय कंपनीचा फोन कुणाचा आहे? वापरात नसेल तर काढून टाका ना यादीतून."

काकांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कंपनीचं नाव नाही ते. मी. मी असं वाचा."

मग मला वरचं नाव वाचता आलं. हे. राऊटर घरी आणला त्या दिवशी काकांनी काकूंना शिकवलं होतं की प्रत्येक फोनला नाव देता येतं. काकूंनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून, नवऱ्याच्या फोनला नाव दिलं 'हे' आणि स्वतःच्या फोनला 'मी'. दुसरं काय देणार? चाळीस वर्षं त्या घरात दोन माणसांना हीच दोन नावं होती. मी परदेशातल्या मुलांना पहिल्या आठवड्यात सर्वनामं शिकवते. मी, तू, तो, ती, हे. नावाऐवजी येतात ती, असं सांगते. त्या दुपारनंतर ते वाक्य सांगताना माझी जीभ अडखळायला लागली.

काकू गेल्यावर महिन्याभरातच त्यांचा फोन काकांनी भंगारात दिला होता. बॅटरी फुगली होती, आणि तेव्हा त्यांना वाटत होतं की वस्तू डोळ्यांसमोर नकोत. यादीतलं नाव त्यांच्या नंतर लक्षात आलं. कंपनीचं फरमान एकदा घरात येऊन गेलेल्याला विसरत नाही, ठिपका करडा करून वाट बघत राहतं. आपलं फरमान तसं नसतं. ते फक्त हजर असलेल्यांना ओळखतं. गेलेल्याचं नाव बारा तासांत गळून पडतं. काकांनी त्या राऊटरला हात का लावला नाही, हे मला तेव्हा समजलं. "यादीचा फोटो काढून ठेवा की," असं मी तरीही म्हणाले. मला काहीतरी म्हणायचंच असतं. "फोटो आहे, बाई. भिंतीवर आहे. फोटो आपण ठेवतो. हे राऊटरनं ठेवलंय."

त्यानंतर मी चिडवणं बंद केलं. चिडवणं बंद केल्यावर आमच्यात बोलायला फारसं काही उरलं नाही, हेही खरं. दुपारचे तास संपले की खिडकीतून खाली बघायचे. काका केळीच्या बागेत पाणी सोडून एका दगडावर बसलेले असायचे, फोन हातात, आणि मला माहीत असायचं की ते कुठलं पान बघताहेत.

माझ्या दुसऱ्या वर्षात त्या राऊटरला बाहेरून कीड लागली. आपण एखादं पान मागितलं की ते कुठे मिळेल याचा पत्ता राऊटर कुणाला तरी विचारतो. त्या विचारण्याच्या जागी कुणीतरी परक्यानं आपला माणूस बसवला होता. एक पान मागावं तर भलतंच उघडायचं. काकांनी शोधून ते नीट केलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा नीट केलं, पुन्हा तेच. जुन्या फरमानाला भोक होतं आणि ते बुजवणारं कुणी नव्हतं. मग एका शनिवारी माझ्या तासाला चार मुलं आणि त्यांच्या मागे एक आजोबा असे बसलेले असताना, मी शब्दकोश उघडायला गेले आणि पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचायला लागली, तीही गाण्यासकट. आजोबा उठून गेले. संध्याकाळी दोन पालकांचे निरोप आले, मुलं यापुढे येणार नाहीत.

मी रागात खाली गेले. काका जेवत होते. ताटावरच्या माणसाला बोलू नये, पण मी बोलले. "काका, मी वर माझं वेगळं कनेक्शन घेते. माझं पोट आहे त्याच्यावर." ते "हो" म्हणाले. एवढंच. दोन दिवस पायरीवर केळी आली नाहीत, हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच उतरले आणि म्हटलं, वेगळं कनेक्शन राहू द्या, तुम्ही एक नवा राऊटर घ्या, आणि हा तसाच कपाटात ठेवून द्या. म्हणजे यादी शाबूत राहील.

"कपाटात?" काका म्हणाले. "यंत्र ठणठणीत आहे. मी गावभर सांगत फिरतो, यंत्र टाकू नका, जुनं फरमान टाका. आता माझ्यावर वेळ आली तर कपाट शोधू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि बंद करून ठेवलेला राऊटर वाट बघत नाही हो. नुसता पडून असतो."

रविवारी सकाळी अकराला त्यांनी मला बोलावलं. आंघोळ करून, धुवट सदरा घालून बसले होते. राऊटर पालथा घातला आणि चिठ्ठी मला वाचायला लावली. मी मॉडेल वाचलं, व्हर्जन वाचलं. इन्व्हर्टरची वायर तपासली. मग मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण तिसरा प्रश्न उरला होता. त्यांच्याच नियमानं त्या घरात कंपनीचं फरमान राहायला हवं होतं. काकांना माझ्या मनातलं कळलं असावं. "वर तुम्ही आहात ना," ते म्हणाले. मला त्या क्षणी कनेक्शनची भाषा केल्याची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

बटण त्यांनी स्वतःच दाबलं. पाच मिनिटं दिवे लुकलुकत होते आणि काका प्लगवर हात धरून बसले होते, कुणी ओढेल अशा भीतीनं. घरात ओढणारं होतं कोण? दिवे स्थिर झाले. नवं पान उघडलं, पांढरं स्वच्छ. यादी रिकामी. मग आमची यंत्रं एकेक करून आत आली, नावाशिवाय, नुसते आकडे लावून. माझ्या आकड्यांपुढे त्यांनी 'बाई' लिहिलं. स्वतःच्या आकड्यांपाशी बोट थांबलं.

"इथं काय लिहू?" ते म्हणाले. "'हे' तर मी मला म्हणू शकत नाही."

मी म्हटलं, काकूंचं ते 'मी' हातानं घालता येईल, कायमची नोंद करता येते, तुम्हीच सांगितलं होतं. ते मान हलवत म्हणाले, "मी घातलं तर ते माझं होईल. तिनं घातलेलं होतं ते गेलं." स्वतःच्या फोनपुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. आकडे तसेच राहू दिले.

नेट फार सुंदर चालायला लागलं. मी वर जाऊन दुपारचा तास घेतला, एकदाही अडकला नाही. तास संपवून वळले तर दारात काका. जिना चढून आले होते. कठड्याला धरून उभे, दम लागलेला. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"तिचं नाव कुंदा होतं," ते म्हणाले.

मग, "मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. ती असताना तशी पद्धत नव्हती, आणि नंतर वाटायचं, खाली यादीत लिहिलेलं आहेच." पुन्हा एकदा म्हणाले, "कुंदा." कुणाला हाक मारल्यासारखं नाही, चिठ्ठीवरचं वाचून दाखवल्यासारखं. ते गेल्यावर मी दार लावून रडले. त्यांच्यासाठी, आणि थोडी माझ्यासाठीही. माझ्या नावावाचून अडेल असं जगात कुणी नव्हतं.

पुढे मी तिथं आठ महिने होते. त्या पानाचं नाव काकांनी पुन्हा काढलं नाही. दगडावर बसायचे ते नुसतेच, रिकाम्या हातांनी. मग कराडला आईचा पाय मोडला आणि मला परत जाणं भाग पडलं. सकाळी नऊला गाडी आली. काकांनी केळ्यांचा घड डिकीत नीट बसवला, "तिकडे पूर्वेच्या भिंतीला बसू नका, घर वेगळं आहे, आधी सिग्नल बघा," असं बजावलं आणि फाटकाशी थांबले. मी येईन, फोन करीन, वगैरे म्हटलं. निघताना माणूस जे बोलतो तेच सगळं.

वाटेत ट्रॅफिक लागलं, गाडी पंक्चर झाली. कराडला पोचायला संध्याकाळ झाली. आईला बघण्यात, सामान उतरवण्यात फोन करायचा राहूनच गेला. साडेआठच्या सुमाराला काकांचाच आला. दोन वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, हाकच पुरायची.

"पोचलात ना, बाई?"

"पोचले, काका. तुम्हाला कळवणारच होते, राहूनच गेलं."

"असू द्या, असू द्या." मागे वाडीतल्या रातकिड्यांचा आवाज येत होता. "सकाळपासून ते यादीचं पान उघडून बसलो होतो," ते म्हणाले. "तुमचं नाव आत्ताच गेलं. म्हणून म्हटलं, विचारावं."